दुसऱ्या मॉडेलचे शॉकअप लावून गाडी उंच करता येते का?

वाघोलीत गाडी ‘खाली लागणं’ ही रोजची तक्रार आहे. ३० जून २०२१ रोजी हे गाव आणखी २२ गावांसोबत पुणे महापालिकेत आलं. सोसायट्या मात्र त्याच्या कितीतरी आधी उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्याकडे जाणारे रस्ते मागून, तुकड्यातुकड्याने होत गेले. आसपासच्या खाणी आणि खडी क्रशरचे डंपर याच रस्त्यांवरून जातात. केसनंद रस्ता असो, बकोरी रस्ता असो की आव्हाळवाडीकडचा, डांबराचे उंचवटे, ड्रेनेजची वर आलेली झाकणं आणि गेटसमोर आपापल्या अंदाजाने घातलेले स्पीडब्रेकर यांतून पाच माणसं बसलेली सेडान नेणं ही कसरतच असते.

अशा वेळी गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: याच कंपनीच्या उंच मॉडेलचे शॉकअप बसवा, गाडी इंचभर उठेल. सल्ला खोटा नाही. एकाच कुटुंबातल्या दोन मॉडेल्सचे स्ट्रट अनेकदा एकमेकांच्या जागी बसतात. पण बसणं वेगळं, हवी तेवढी उंची मिळणं वेगळं आणि त्यानंतर गाडी नीट चालणं आणखी वेगळं. पैसे घालण्याआधी या तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात.

आधी, गाडी घासते कशामुळे?

इंडियन रोड्स काँग्रेसचं स्पीडब्रेकरसाठी एक मानक आहे. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्याचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा असावा, असं ते सांगतं. आता अडीच मीटर व्हीलबेसची गाडी घ्या. ती या उंचवट्याच्या मध्यावर आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात. तेव्हा दोन चाकांच्या मधोमध रस्ता फक्त साडेचार-पाच सेंटिमीटर वर आलेला असतो. म्हणजे मानकाप्रमाणे केलेल्या स्पीडब्रेकरवर भरलेली सेडानसुद्धा घासायला नको.

प्रत्यक्षात सोसायटीच्या गेटवर एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असा वरवंटा घातलेला असतो. पुढची चाकं तो ओलांडून खाली उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि पूर्ण १५ सेंटिमीटर गाडीच्या पोटाखाली उभे राहतात. कंपनीच्या पत्रकात १६५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेला असला, तरी तो आकडा अनेकदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी चार-पाच सेंटिमीटर सहज खाली बसते. उरले १२० मिमी. समोर १५० मिमीचा उंचवटा.

हा हिशेब नीट पाहिला तर एक अडचण लक्षात येते. स्ट्रट बदलून २५ मिमी मिळाले, तरी भरलेली गाडी १४५ मिमीवरच येते. तो स्पीडब्रेकर तरीही लागणार, फक्त आवाज कमी होईल. म्हणून रोज नेमकं काय घासतं आणि किती, हे आधी मोजायला हवं. पुढचा बंपर रॅम्पवर घासत असेल तर उपाय वेगळा, मधला भाग घासत असेल तर वेगळा आणि नुसतं इंजिनखालचं संरक्षक पत्र लोंबत असेल तर उपाय चार बोल्टचा.

स्ट्रट म्हणजे नुसता शॉकअप नव्हे

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना मांडली. त्यात शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाला वरून धरून ठेवणारा खांब ही तीन कामं एकाच नळकांड्यात येतात. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी, म्हणून ती जगभर पसरली.

या बचतीची किंमत अशी की स्ट्रट बदलला की फक्त उशी बदलत नाही. खालच्या टोकाला तो चाकाच्या नॅकलला दोन बोल्टांनी पकडतो किंवा त्यात रुततो. वरच्या टोकाला माउंटिंग आणि बेअरिंगमधून बॉडीला जोडलेला असतो आणि स्टिअरिंग वळवलं की पूर्ण खांब फिरतो. चाक किती कललेलं राहील, स्टिअरिंग सरळ परत येईल की नाही, हेही त्याच्या लांबीवर आणि बसवण्याच्या कोनावर ठरतं. स्ट्रटच्या अंगावर ब्रेकच्या होजची पकड, एबीएसच्या वायरची क्लिप आणि लिंक रॉडचा कान असतो. दुसऱ्या मॉडेलवर यातला एखादा कान दोन सेंटिमीटर वर-खाली असेल, तर बोल्ट बसतात पण लिंक रॉड तिरका ओढला जातो किंवा होज ताणली जाते.

मागच्या बाजूला बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानना आडवा ट्विस्ट बीम असतो. तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे पुढचे दोन स्ट्रट बदलून काम संपत नाही. फक्त पुढून उठवलेली गाडी नाक वर करून चालते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

कोणाचे कोणाला बसतात, आणि खरंच किती उंची मिळते?

कंपन्यांनीच हॅचबॅकला उंच करून, काळं प्लास्टिक लावून ‘क्रॉसओव्हर’ म्हणून विकायला सुरुवात केली, तेव्हापासून या अदलाबदलीची चर्चा वाढली. फियाटने ऑक्टोबर २०१४ मध्ये पुंटोवरून अव्हेंचुरा आणली आणि तिचा ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिमी सांगितला. पुंटो, लिनिया आणि अव्हेंचुरा या तिन्ही गाड्या वाघोलीहून याच नगर रोडने साधारण ३५ किलोमीटर पुढे, रांजणगावच्या कारखान्यात तयार होत. ह्युंदाईने २०१५ मध्ये आय२० ॲक्टिव्ह आणली, होंडाने २०१७ मध्ये जॅझवरून डब्ल्यूआर-व्ही, फोर्डने २०१८ मध्ये फिगोवरून फ्रीस्टाइल आणि त्याच वर्षी टाटांनी टियागो एनआरजी. आपल्या साध्या गाडीचं उंच भावंड बाजारात दिसलं की त्याचे स्ट्रट मागवायचा मोह होणारच.

पण पत्रकातले दोन आकडे वजा करून मिळालेला फरक म्हणजे स्ट्रटमधून मिळणारी उंची नव्हे. जॅझचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी आणि डब्ल्यूआर-व्हीचा १८८ मिमी. फरक २३ मिमी. आता टायर पाहा. जॅझला १७५/६५ आर१५, डब्ल्यूआर-व्हीला १९५/६० आर१६. पहिल्या टायरचा व्यास सुमारे ६०८ मिमी, दुसऱ्याचा ६४०. व्यासातला निम्मा फरक, म्हणजे १६ मिमी, गाडीला उचलतो. मग २३ पैकी १६ मिमी टायरने दिले आणि उरले जेमतेम ७. शिवाय डब्ल्यूआर-व्हीचा व्हीलबेस २५ मिमीने जास्त आहे, म्हणजे कंपनीने स्ट्रटपलीकडेही बदल केले होते. जॅझला डब्ल्यूआर-व्हीचे स्ट्रट लावून इंचभर उंचीची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा इथेच ठरलेली आहे.

आय२० ची गोष्ट उलटी. एलिट आय२० चा आकडा १७० मिमी, ॲक्टिव्हचा १९० आणि दोन्हींच्या वरच्या व्हेरियंटना टायर १९५/५५ आर१६ च. इथे २० मिमीचा फरक मुख्यतः सस्पेन्शनमधूनच आलेला असणार. स्ट्रट शोधण्याआधी दोन्ही मॉडेल्सच्या टायरचा हा हिशेब करायला पाच मिनिटं लागतात आणि तो जवळपास कोणीच करत नाही.

दुसरा फरक वजनाचा. स्प्रिंग किती दबेल हे तिच्यावरच्या भारावर अवलंबून असतं, म्हणूनच एकाच गाडीच्या डिझेल आणि पेट्रोल मॉडेल्सना पुढच्या स्प्रिंग वेगळ्या असतात. डिझेल इंजिन जड असल्याने त्याची स्प्रिंग जास्त ताकदीची. समजा, एक स्प्रिंग दर अडीच किलोला १ मिमी दबते आणि ती ३०० किलोचा कोपरा पेलायला बनवली आहे. तिथे ती १२० मिमी दबेल. तीच स्प्रिंग २६० किलोचा कोपरा असलेल्या पेट्रोल गाडीत घातली तर १०४ मिमीच दबेल आणि गाडी १६ मिमी वर राहील. ‘पेट्रोलला डिझेलचे शॉकअप’ या जुन्या गॅरेजी उपायामागे एवढंच गणित आहे. उलट दिशेने केलं तर गाडी तितकीच खाली बसते. हलक्या मॉडेलचे लांब दिसणारे स्ट्रट जड गाडीत घालून फसलेल्यांचं कारण बहुधा हेच असतं.

कंपनी स्वतः गाडी उंच करते तेव्हा आणखी काय करते, हे फ्रीस्टाइलवरून कळतं. फोर्डने तिच्यात ‘ॲक्टिव्ह रोलओव्हर प्रिव्हेन्शन’, म्हणजे गाडी कलंडण्याच्या बेतात आली तर ब्रेक आणि इंजिन आवरणारी यंत्रणा दिली होती. ती स्ट्रटच्या खोक्यातून येत नाही.

गाड्या मुळातच कमी उंच का येतात?

याचं एक उत्तर अर्थखात्यात सापडतं. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हींवरचा उत्पादन शुल्काचा दर २७ वरून ३० टक्के झाला आणि एसयूव्ही कोणती हे ठरवताना लांबी आणि इंजिनासोबत १७० मिमी ग्राउंड क्लिअरन्सची रेषा होती. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही५०० चा क्लिअरन्स त्यानंतर १६० मिमीवर आणला गेला. पुढे जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये युटिलिटी वाहनांच्या उपकराची व्याख्या करताना तीच १७० मिमीची रेषा ठेवली आणि ती रिकाम्या गाडीची, हेही स्पष्ट केलं. चार मीटरपेक्षा लहान गाड्यांना ही रेषा लागू नव्हती. तिथे कमी उंचीची कारणं वेगळी: वळणावरची स्थिरता, हवेचा विरोध आणि मायलेज.

उंची वाढल्यावर काय बदलतं?

गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. दोन चाकांमधलं अंतर १४५० मिमी आणि गुरुत्वमध्य ५५० मिमी उंचीवर असेल, तर २५ मिमी वाढीने कलंडण्याला असलेला विरोध साधारण ४ टक्क्यांनी घटतो. शहरात हे जाणवणार नाही. पण नगर रोडवर रात्री ८० च्या वेगात समोर अचानक काही आलं आणि स्टिअरिंग झटक्यात वळवलं, की गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. तिला सरळ करायला स्प्रिंगशी जुळणारा शॉकअप लागतो. म्हणूनच नुसती लांब स्प्रिंग जुन्या शॉकअपवर चढवण्यापेक्षा भावंडाचा पूर्ण स्ट्रट घेणं बरं. जुन्या शॉकअपवर लांब स्प्रिंग आली, की त्याचा दांडा आधीच बराच बाहेर आलेला राहतो. खड्ड्यात चाक खाली पडलं की दांडा शेवटाला आपटतो आणि ‘खट्ट’ आवाज येतो. तो आवाज महिनोन्‌महिने चालू राहिला तर शॉकअप आतून जातो.

दुसरा परिणाम लोअर आर्म आणि ड्राइव्ह शाफ्टवर होतो. बॉडी वर गेली आणि चाक जमिनीवरच राहिलं, म्हणजे दोन्ही जास्त तिरके होतात. शाफ्टच्या टोकाचा सीव्ही जॉइंट अधिक कोनात फिरतो, त्याच्यावरचं रबरी बूट लवकर फाटतं, ग्रीस उडतं, धूळ आत जाते. खडीची धूळ उडणाऱ्या रस्त्यांवर फाटलेलं बूट फार दिवस माफ करत नाही. टायरॉडचा कोनही बदलतो. त्यामुळे अलाइनमेंट न करता गाडी चालवली तर टायर एका कडेने खाल्ले जातात.

काही जुन्या, एबीएस नसलेल्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक वाल्व्ह असतो. मागचा भाग किती दबला आहे यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. मागून गाडी उठवली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी ठेवतो. हा वाल्व्ह पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि घाईत तो विसरला जातो. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन पाहावं लागतं.

काम करायचंच असेल तर

सुरुवात पार्ट नंबरने करावी. स्वतःच्या गाडीचा आणि ज्या मॉडेलचा स्ट्रट घ्यायचा त्याचा नंबर डीलरच्या काउंटरवर काढून घ्यावा. पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक यांचे नंबर वेगळे असू शकतात, डावा-उजवा तर असतोच. मग दोन्ही स्ट्रट शेजारी ठेवून खालच्या बोल्टमधलं अंतर, स्प्रिंगची वाटी किती उंचीवर आहे, लिंक रॉडचा कान आणि वरच्या माउंटिंगचे बोल्ट जुळवावेत. वाटी जितकी वर, तितकी गाडी वर. नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने स्ट्रट मिळतात, पण जुना शॉकअप घेणं हा खोटा काटकसरीपणा आहे. तेल गळलेला शॉकअप पुसून चकचकीत करता येतो. बंद पडलेल्या मॉडेल्सचे भाग मिळवताना हा धोका जास्त.

स्ट्रटचा वरचा नट हा यातला सर्वांत धोक्याचा भाग. त्याखाली दबलेली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने बसलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ती आवळल्याशिवाय तो नट सोडला, तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. दोरी, तार किंवा जॅकवर हे काम करणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणावी. जोडलेला तयार स्ट्रट मिळत असेल तर हा प्रश्नच येत नाही.

माउंटिंग, बेअरिंग आणि बंपस्टॉप त्याच वेळी नवे घ्यावेत. दोन्ही बाजू एकाच दिवशी बदलाव्यात. चाक हवेत लटकलेलं असताना ब्रेकची होज आणि एबीएसची वायर ताणत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहावं. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. लटकत्या स्थितीत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

मोजमाप करताना जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजावं, म्हणजे टायरच्या हवेचा फरक येत नाही. चारही चाकांचे आकडे कामाआधी कागदावर लिहून ठेवायचे. नव्या स्प्रिंग सुरुवातीला थोड्या बसतात, म्हणून ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजून मगच अंतिम अलाइनमेंट करायचं आणि हेडलाइट खाली घ्यायचे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो, त्यामुळे १५ मिमीने उठलेली गाडी रस्त्यावर कोणी अडवेल ही शक्यता कमी. पण गाडी मंजूर झाली ती कंपनीच्या मूळ सस्पेन्शनसह, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून पाहतो. बदल आधी लेखी कळवलेला नसेल तर दावा अडकायला तेवढं कारण पुरतं. वॉरंटीतल्या गाडीचं सस्पेन्शन आणि ड्राइव्ह शाफ्ट यांवरचं संरक्षणही पणाला लागतं.

स्ट्रटच्या आधी पाहण्यासारखं

सात-आठ वर्षं जुन्या गाडीची स्प्रिंग बसलेली असते. तिच्या जागी तिच्याच नंबरची नवी स्प्रिंग आणि माउंटिंग घातलं, तर हरवलेली उंची कायद्याच्या चौकटीत परत मिळते. बाहेरून सीएनजी बसवून घेतलेल्या गाडीत डिकीत पन्नास-साठ किलोंचं सिलिंडर कायमचं असतं आणि मागचा भाग दबतो. त्या मॉडेलची कंपनी-फिटेड सीएनजी आवृत्ती निघत असेल, तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा नंबर डीलरकडे विचारावा. अदलाबदलीच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत समजूतदार, कारण ती स्प्रिंग नेमक्या त्याच वजनासाठी बनलेली असते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी कुशन स्वस्त पडतात, पण दोन वेटोळी बांधली गेल्याने बाकीच्यांवर ताण वाढतो आणि गाडी कडक होते. मागे तात्पुरतं भागतं, पुढे टाळावं.

आणि गेटवरचा तो वरवंटा. सोसायटीच्या हद्दीतला असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून तो काढता येतो. त्याच उंचीचा, पण ३.७ मीटर रुंदीवर पसरलेला उंचवटा केला तर डांबर जास्त लागतं, पण तिथून जाणारी प्रत्येक गाडी सुटते. सार्वजनिक रस्त्यावर असेल तर तो घालायचा अधिकार सोसायटीला नव्हताच. तक्रार महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, उंची आणि रुंदीच्या मोजमापासह आणि टेप लावलेल्या फोटोसह द्यावी.